सेल्स मॅनेजमेंटमध्ये करिअर करायचं तर कॉलेज कसं निवडावं? (गोवा)

डिचोलीकर
माझी भाची फोंड्याला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सेल्समध्येच जायचं, असं ती बारावीपासून सांगतेय. घरात या क्षेत्रातलं कुणी नाही. बहीण आणि भावोजी दोघंही शिक्षक. त्यांना वाटतं सेल्स म्हणजे बॅग घेऊन दारोदार फिरणं. मला तसं वाटत नाही. पोरगी बोलकी आहेच, पण हिशोबालाही पक्की आहे. गेल्या चवथीच्या आधी ती ओळखीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काउंटरवर उभी राहिली, तर मालकानं दिवाळीलाही बोलावून घेतलं.

डोळ्यासमोर साखळीचं गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आहे, ताळगाव पठारावरचं विद्यापीठाचं गोवा बिझनेस स्कूल आहे, नाहीतर पुणे-मुंबई. आणखी एक मत असं की आधी दोन वर्षं नोकरी करावी आणि मग एमबीए. रँकिंगचे तक्ते आम्ही पाहिलेत. सेल्ससाठी म्हणून कॉलेजात नेमकं काय बघायचं, हे जाणकारांनी सांगावं. भाचीही धागा वाचणार आहे.

मांडवीकाठ
साखळीला प्रवेश मिळत असेल तर दुसरा विचार करू नका. 1993 साली रायबंदरच्या जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत सुरू झालेली संस्था आहे, माजी विद्यार्थी देशभर पसरलेत. सेल्समध्ये ओळखी लागतात आणि त्या अशाच ठिकाणी होतात.

रानवाटा
एमबीए कशाला? विकणं वर्गात शिकता येत नाही. बी.कॉम. झालं की कुठल्याही कंपनीत सेल्स ऑफिसर म्हणून लागा. दोन वर्षांची फी वाचेल, वर पगार मिळेल.

म्हापसेकर_एजन्सी
माझी म्हापशाला एजन्सी आहे. खाण्याचे पदार्थ आणि साबण-शाम्पू, दोन्ही कंपन्यांचं वितरण. नवे सेल्स ऑफिसर आणि एमबीए ट्रेनी माझ्या गोदामातूनच कामाला सुरुवात करतात. जे डोळ्यांनी पाहिलंय ते सांगतो.

कंपनी मला माल देते ती प्रायमरी. मी दुकानाला देतो ती सेकंडरी. टार्गेट बहुधा प्रायमरीवर मोजतात, त्यामुळे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नवा पोरगा माझ्याकडे येऊन बसतो, 'काका, अजून पन्नास पेट्या घ्या ना.' मी घेतल्या की त्याचं टार्गेट पूर्ण होतं. माझे पैसे मात्र अडकतात, आणि पुढच्या महिन्यात माझ्या गोदामात माल पडून असल्यामुळे त्याची ऑर्डर शून्यावर येते. मग ओरडा खातो.

याउलट एक मुलगा होता. शिवोलीच्या एका दुकानात मी त्याच्यासोबत गेलो होतो. आत शिरल्यावर त्यानं ऑर्डरची वही काढलीच नाही. आधी दुकानदाराला विचारून फळीमागचा माल बघितला, तारखा पाहिल्या, जवळ आलेल्या तारखेची पाकिटं पुढे लावली, मग म्हणाला, 'बाब, या वेळी चार नको, दोनच बॉक्स घ्या, पण हे नवं छोटं पाकीट एक लडी लावून बघा.' दुकानदार स्वतःहून खुर्ची पुढे करायला लागला. वर्षभरात त्या बीटवर, म्हणजे त्याला ठरवून दिलेल्या दुकानांच्या फेरीवर, आमची उधारी कमी झाली आणि विक्री वाढली. तो मुलगा एमबीए होता. पण त्याच्या कॉलेजनं त्याला उन्हाळ्यात दोन महिने खरोखरच बीटवर पाठवलं होतं, ऑफिसात बसवून प्रेझेंटेशन करायला लावलं नव्हतं.

म्हणून माझा एकच सल्ला. कॉलेजला विचारा, उन्हाळी इंटर्नशिपमध्ये मुलं कुठे जातात आणि तिथे काय करतात.

रानवाटा
@म्हापसेकर, म्हणजे शेवटी बीटच शिकवते, हेच तुम्ही सांगताय.

म्हापसेकर_एजन्सी
बीट शिकवतेच. पण त्या मुलाला कुठल्या दुकानात आठवड्यातून दोनदा जायचं आणि कुठे पंधरा दिवसांतून एकदा, हे कागदावर मांडता येत होतं. माझ्याकडे वीस वर्षं असलेल्या सेल्समनला प्रत्येक दुकानदाराच्या मुलाचं नाव माहीत आहे, पण त्याला ते मांडणं जमत नाही. मॅनेजर व्हायचं तर दोन्ही हवं.

ताळगावपठार
मी गोवा विद्यापीठातून एमबीए केलंय, आता एका पेंट कंपनीत आहे. विद्यापीठाचा मोठा फायदा फीचा. साखळीच्या फीत आणि विद्यापीठाच्या फीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कर्ज डोक्यावर नसलं की पहिली नोकरी निवडताना मोकळेपणा राहतो. माझ्या वर्गातल्या काहींनी कमी पगाराची पण चांगल्या टेरिटरीची (विक्रीसाठी नेमून दिलेल्या भागाची) नोकरी घेतली, ती याच जोरावर.

उणी बाजू अशी की मोठ्या सेल्स टीम घेऊन येणाऱ्या कंपन्या कमी असतात. आपण स्वतः धडपडावं लागतं. मी दुसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट गोव्यातल्या हार्डवेअरच्या दुकानांवर केला. कुठला डीलर कुठल्या रंगाची शिफारस करतो आणि का, एवढाच विषय. पेंटर्सशी बोललो, डीलर्सशी बोललो. मुलाखतीत अर्धा तास त्यावरच बोलणं झालं.

प्रवेशासाठी कुठली परीक्षा धरतात ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा, जुन्या सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका.

चिकूची_आई
माझा मुलगा बारावी कॉमर्सला आहे, म्हणून मध्येच विचारते. बीबीए करावं की बी.कॉम.?

वर्गाबाहेर
@चिकूची_आई, दोन्ही चालतं. बीबीए घेणार असाल तर 2024-25 पासून हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या (तंत्र आणि व्यवस्थापन शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत आलेत, तेव्हा मान्यता आहे ना एवढं तपासा. बी.कॉम.ला अकाउंट्स पक्कं होतं आणि सेल्समध्ये ते फार कामाला येतं. डिस्ट्रिब्युटरचा नफा त्याच्यासमोर बसून मांडता आला, तर तो तुमचं ऐकतो.

आता मूळ प्रश्नाकडे. मी मडगावच्या बाजूला कॉमर्स शिकवतो, दरवर्षी मुलं हाच प्रश्न घेऊन येतात. मी त्यांना माहितीपुस्तिकेतले फोटो बाजूला ठेवून तीन कागद वाचायला लावतो.

पहिला कागद कॉलेजच्या संकेतस्थळावरचा एनआयआरएफचा, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीचा, डेटा. एनआयआरएफची क्रमवारी सगळे बघतात, पण तिच्यासाठी कॉलेजनं भरलेली माहिती फार थोडे वाचतात. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून किती मुलं उत्तीर्ण झाली, किती जणांना नोकरी लागली आणि मध्यक पगार किती, हे त्यात असतं. मध्यक म्हणजे ओळीत मधोमध उभ्या असलेल्या मुलाचा पगार. जाहिरातीतला 'सर्वोच्च' आकडा एकाच मुलाचा असतो, आणि सरासरीही अशा दोन-चार जणांमुळे फुगते.

दुसरा एआयसीटीईचं मँडेटरी डिस्क्लोजर. मान्यताप्राप्त संस्थेला ते संकेतस्थळावर ठेवावंच लागतं. फी, जागा, शिक्षकांची नावं आणि पात्रता त्यात सापडतात. सेल्स शिकवणारे शिक्षक स्वतः कधी कंपनीत होते का, ते तिथून शोधता येतं.

तिसरा कागद म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या ऐच्छिक विषयांची यादी, आणि माझ्या मते तिन्हींत हाच महत्त्वाचा. 'मार्केटिंग' हे स्पेशलायझेशन जवळपास सगळीकडे असतं, पण त्यात सेल्स किती? सेल्स अँड डिस्ट्रिब्युशन, बी टू बी मार्केटिंग (एका कंपनीनं दुसऱ्या कंपनीला विकणं), निगोसिएशन, सेल्स फोरकास्टिंग हे विषय आहेत का? आणि यादीत असले तरी गेल्या वर्षी ते प्रत्यक्षात घेतले गेले का? पुरेशी मुलं आली नाहीत की ऐच्छिक विषय रद्द होतो, आणि आजकाल सगळ्यांचा ओढा डिजिटल मार्केटिंग आणि अॅनालिटिक्सकडे असतो. टेरिटरी कशी आखायची, कोटा कसा ठरवायचा, इन्सेन्टिव्ह कसा बांधायचा, हे जिथे शिकवत नाहीत तिथे सेल्स मॅनेजमेंट शिकवतच नाहीत, बोर्डवर काहीही लिहिलेलं असो.

मांडवीकाठ
सर, तुमचं पटलं. पण सोबतची मुलं कोण, हेही बघायला हवं ना? वर्गात चार राज्यांतली, नोकरीचा अनुभव घेऊन आलेली मुलं असली की चर्चाच वेगळ्या पातळीवर जाते. सेल्समध्ये उद्या बिहारचा सहकारी, तामिळनाडूचा बॉस आणि गुजरातचा डीलर असणार. साखळीला ही सवय आपसूक लागते.

वर्गाबाहेर
अगदी मान्य. ते कुठल्याच कागदावर दिसत नाही, त्यासाठी कॅम्पसवर जाऊन मुलांशीच बोलावं लागतं.

पेडणेकर
बारा वर्षं एमआर (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह), आता फार्मा कंपनीत एरिया मॅनेजर. कुणी फार्माचं काढलं नाही म्हणून लिहितो. गोव्यात औषधांचे कारखाने भरपूर, म्हणून लोकांना वाटतं की फार्मा सेल्सच्या नोकऱ्याही इथेच असतील. वेर्ण्यात गोळी बनते म्हणून ती विकणारा माणूस वेर्ण्यात बसत नाही. सेल्सचं जाळं डॉक्टर आणि केमिस्ट जिथे आहेत तिथे असतं.

बी.कॉम. मुलांना एमआरची नोकरी मिळते, पण चांगल्या कंपन्या बी.फार्म. किंवा बी.एस्सी.ला आधी घेतात. डॉक्टरकडे दोन मिनिटं मिळतात, त्यात औषधाच्या रेणूबद्दल बोलता आलं पाहिजे. 2024 च्या मार्चपासून भेटवस्तू आणि सहलींवर सरकारची नवी आचारसंहिताही आली आहे, त्यामुळे बोलण्यातच दम लागतो. भाचीला आरोग्यक्षेत्रात रस असेल तर साखळीला हेल्थकेअर मॅनेजमेंटचा वेगळा अभ्यासक्रम आहे. हॉस्पिटलं आणि उपकरणांच्या कंपन्यांत बी.कॉम.वाल्याला त्यातून वाट मिळते.

सुनीता_फोंडा
मुलगी आहे म्हणून एक गोष्ट आवर्जून लिहिते, कारण ती कुठल्याच कॉलेजात सांगत नाहीत.

मी चार वर्षं फिल्डवर होते, फोंडा, उसगाव, वाळपई आणि सत्तरीतली आतली गावं. सगळ्यात मोठी अडचण टॉयलेटची होती. सकाळी नऊला निघायचं, पाणी कमी प्यायचं, दुपारी डोकं दुखायचं. मग मी माझा बीट स्वतःच्या सोयीनं नव्यानं मांडला. ओळखीचं औषधाचं दुकान, पेट्रोल पंप, एका सहकारी सोसायटीचं ऑफिस, अशा जागा मध्ये मध्ये येतील असा. मॅनेजर आधी कुरकुरला, पण दिवसाची दुकानं तेवढीच होतात हे बघून गप्प झाला. पुढे आमच्या टीममधल्या दोन मुलींनी तोच नकाशा वापरला.

दुकानदारांचा त्रास? फार नाही. गोव्यात बाया दुकानं चालवतात, बार चालवतात, बाजारात बसतात. समोर बाई विकायला आली तर आपल्याकडे कुणी दचकत नाही. कोकणी नीट बोलता आली तर सासष्टीतली आंटी तासभर बसवून घेते आणि ऑर्डरही देते :)

भाचीनं कॉलेजात गेल्यावर विचारावं, गेल्या तीन बॅचमधल्या किती मुली सेल्सच्या नोकरीत गेल्या आणि त्यातल्या किती अजून तिथे आहेत. मुली ब्रँड आणि एचआरकडे, मुलगे सेल्सकडे अशी विभागणी जिथे झालेली असते, तिथे प्लेसमेंट सेलही मुलींना सेल्सच्या मुलाखतीला ढकलत नाही.

कुडाळी
सुनीताताई, कडक प्रतिसाद. भाषेवरून आठवलं, आमच्याकडे बांदा-सावंतवाडीला गोव्याचे सेल्समन येतात ते आमच्याशी मालवणीत आणि फोनवर बॉसशी हिंदीत बोलतात. चार भाषा येणं ही गोव्याच्या पोरांची मोठी कमाई आहे, मुलाखतीत ठासून सांगा.

रानवाटा
भाषा येतात, पण पाऊस पडायला लागला की गोव्याचे सेल्समन घरातून निघत नाहीत, असं आमचा बॉस म्हणायचा :)

म्हापसेकर_एजन्सी
त्याला आमच्या जुलैच्या ऑर्डरी दाखवा. किनारपट्टी झोपते तेव्हा चवथीची तयारी सुरू होते. कळंगुटचा बीट थंड, पण डिचोली-फोंड्याची दुकानं भरायची असतात. सीझन कुठला आणि कुठे, हे ज्याला कळतं त्याला गोवा कळला.

हप्ता_आणि_हिशोब
बँकेत शैक्षणिक कर्जाचं काम बघतो, म्हणून थोडा आकड्यांचा हिशोब. समजा 15 लाखांचं कर्ज, 10 टक्के व्याज, 10 वर्षांची फेड. हप्ता महिन्याला 19,800 रुपयांच्या आसपास येतो आणि एकूण परतफेड पावणेचोवीस लाखांच्या पुढे जाते. शिकत असतानाच्या काळातलं व्याज वेगळं.

आता सेल्सचा पगार बघा. 10 लाखांचं पॅकेज म्हणतात, त्यात समजा 30 टक्के व्हेरिएबल. म्हणजे टार्गेट झालं तरच ते 3 लाख. उरलेल्या 7 लाखांतून पीएफ आणि कर वजा जाता हातात काय येतं, ते धरून हप्ता बसवा. व्हेरिएबलच्या भरवशावर कर्ज काढू नये. गोवा शिक्षण विकास महामंडळाची गोमंतकीय विद्यार्थ्यांसाठी बिनव्याजी कर्जाची योजना आहे, बँकेत येण्याआधी तिची पात्रता जरूर बघा. अनेक पालकांना ती माहीतच नसते.

डिचोलीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. महामंडळाची योजना खरंच माहीत नव्हती. बहिणीनं सुनीताताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. हॉटेलच्या सेल्सबद्दल कुणी सांगेल का? गोव्यात राहायचं तर तेच बरं, असं भावोजींचं मत आहे.

पर्वरीची_खिडकी
मी हॉटेल सेल्समध्ये आहे. आमचं काम दुकानातल्या विक्रीहून फार वेगळं. लग्नं, कंपन्यांच्या परिषदा, ट्रॅव्हल एजंटांशी वर्षभराचे करार. एका लग्नाचं गिऱ्हाईक चार हॉटेलं फिरतं, भाव काढतं, आणि तीन महिन्यांनी 'हो' म्हणतं. तोवर पाठपुरावा करत राहायचा, पण डोक्यावर बसायचं नाही. खोल्यांचा दर रोज बदलतो, त्यामुळे कुठल्या तारखेला किती सूट द्यायची याचा हिशोब तोंडावर हवा. पर्वरीच्या हॉटेल मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटमधून आलेल्यांना हॉटेल आतून माहीत असतं, एमबीएवाल्यांना करार आणि आकडे. दोघंही वर चढतात. एक गोष्ट मात्र भावोजींना सांगा, मोठ्या साखळी-हॉटेलांची सेल्स ऑफिसं मुंबई-दिल्लीतही असतात, कारण गिऱ्हाईक तिथलं. गोव्यात राहता येईलच, असा भरवसा इथेही नाही.

घाटावरून
याच मुद्द्यावर यायची वाट बघत होतो. मी मूळ काणकोणचा, सध्या नागपूरला रीजनल मॅनेजर.

गोवा म्हणजे 3,702 चौरस किलोमीटर आणि 2011 च्या जनगणनेनुसार साडेचौदा लाख माणसं. बऱ्याच कंपन्यांत आख्खा गोवा एकाच सेल्स ऑफिसरच्या हातात असतो, फार तर दोघांच्या. त्याच्या वरचा एरिया मॅनेजर कोल्हापूरला नाहीतर हुबळीला बसतो. म्हणजे सेल्स ऑफिसरचा मॅनेजर झालात की गोवा सुटतो. ही बढतीची पायरीच तशी आहे. कॉलेज ठरवण्याआधी घरात या गोष्टीवर बोला. मुलीला पाच वर्षं गोव्याबाहेर, कदाचित छोट्या शहरात, राहायचं आहे का? आणि घरचे राहू देणार आहेत का?

उत्तर 'हो' असेल तर जिथे बाहेरच्या कंपन्या सेल्ससाठी येतात तेच कॉलेज, मग साखळी असो, पुणे असो की मुंबई. मोठी फी तिथे वसूल होते. उत्तर 'नाही' असेल, गोव्यातच बँक, वाहनांची डीलरशिप, बांधकाम, हॉटेल यांच्या विक्रीत जायचं असेल, तर विद्यापीठाचं एमबीए आणि स्थानिक ओळखी पुष्कळ झाल्या. वीस हजारांचा हप्ता कशाला?

प्लेसमेंटच्या यादीत कंपनीच्या नावापेक्षा पदाचं नाव वाचा. 'मॅनेजमेंट ट्रेनी, सेल्स' आणि 'बिझनेस डेव्हलपमेंट असोसिएट' यांत फार फरक असू शकतो. पहिल्यात वर्षभर वेगवेगळ्या विभागांत फिरवून टेरिटरी देतात. दुसऱ्यात कित्येकदा दिवसभर फोनवर कोर्स विकायला बसवतात. विचारायचं ते एवढंच: रुजू झाल्यावर हाताखाली किती माणसं, कुठला भाग आणि टार्गेट कशावर मोजणार?

मी मुलाखती घेतो तेव्हा एक साधा प्रश्न विचारतो. 100 दुकानांपैकी 60 दुकानांत आपला माल आहे, तरी विक्री कमी का? ज्यानं बाजार बघितलाय तो लगेच म्हणतो, 'सर, ती साठ दुकानं छोटी असतील, मोठी चाळीस सुटलीत.' पाठ्यपुस्तकात हा धडा असतो, पण उत्तर तोंडातून पटकन येतं ते बाजार फिरलेल्याच्याच.

रानवाटा
@घाटावरून, मग दोन वर्षं आधी नोकरी करावी, हे माझं मत तुम्हालाही मान्य दिसतंय?

घाटावरून
बऱ्याच अंशी हो. माझ्या टीममध्ये अनुभव घेऊन एमबीएला गेलेली मुलं लवकर वर येतात. फक्त त्या दोन वर्षांत अभ्यासाची सवय सुटू देऊ नये. फिल्डवरून रात्री आठला परतलेल्या माणसाला कॅटचे, म्हणजे एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचे, पेपर सोडवणं जड जातं, हे मी जवळून बघितलंय.

डिचोलीकर
(मामाच्या आयडीवरून भाची लिहितेय.)

नमस्कार. सगळे प्रतिसाद वाचले. गोव्याबाहेर जायची माझी तयारी आहे, काल आई-बाबांशी यावर बोलणंही झालं. बाबांचं म्हणणं, आधी गोव्यात फिल्ड बघ आणि मगच बाहेरचं बोल. मला ते पटलं. म्हणून यंदा कॅट देणार, साखळी आणि पुण्याचे अर्ज भरणार, विद्यापीठाचाही भरणार. प्रवेश मिळाला तरी ऐच्छिक विषयांची यादी आणि मागच्या बॅचची पदं बघितल्याशिवाय फी भरणार नाही. चांगलं कॉलेज मिळालं नाही तर दोन वर्षं नोकरी.

सुनीताताई, मुलींचा प्रश्न मी एका कॉलेजला ईमेलनं विचारला. त्यांनी गेल्या बॅचमधल्या, सेल्समध्ये गेलेल्या दोन मुलींशी बोलणं करून देतो म्हटलंय.

माझा प्रश्न म्हापसेकरकाकांना. परीक्षेनंतर मे महिन्यात मला तुमच्या सेल्समनसोबत बीटवर फिरता येईल का? पगार नको, फक्त बघायचंय.

वर्गाबाहेर
शाब्बास. कॅट नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते आणि नोंदणी ऑगस्टपासून सुरू होते, तारीख चुकवू नको. शेवटच्या वर्षाच्या मुलांना बसता येतं. सेमिस्टरची परीक्षा त्याच सुमारास येते, तेव्हा अकाउंट्सचा अभ्यास दिवाळीआधी उरक.

सुनीता_फोंडा
त्या मुलींना नोकरी कशी लागली हे नको विचारू, दिवस कसा जातो ते विचार. आणि वाळपईच्या बीटवर जाणार असशील तर मला सांग, माझा जुना नकाशा देते.

म्हापसेकर_एजन्सी
मे महिन्यात नक्की ये, बाय. पण बघायला येऊ नकोस, दोन दुकानांची ऑर्डर तू घ्यायची. पगार नको म्हणतेस, पण जेवण आणि पेट्रोल आमच्याकडून. सकाळी साडेआठला गोदामात गाडी भरतात, तिथूनच सुरुवात कर म्हणजे माल कसा लागतो तेही दिसेल. फक्त पहिल्यांदा येशील ती शुक्रवार सोडून ये. शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो, मला मान वर करायला वेळ नसतो.